किरण मारलेलं पोतं

आमच्या चुलत पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू होती. "सावधान" ऐकू आलं की मांडवातली सगळी माणसं हातातले तांदूळ जमेल त्या दिशेला फेकत होती. माझे दाजी पहिल्या रांगेत उभे होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, माणिकराव. त्यांनी तांदूळ फेकले नाहीत. तळहातावर पसरले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले. मागच्यांना वाटलं, माणूस भावुक झाला. मग दाजींनी त्यातला एक दाणा दाढेखाली धरला, चावला, आवाज ऐकला आणि दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत मुलीच्या बापाला विचारलं, "तांदूळ कोणत्या खोलीत ठिवलते? दमट हायेत."

तो बिचारा हात जोडून उभा होता. हात तसेच ठेवून म्हणाला, "दाजी, कुंकवाचं पाणी लावलंय. ओले असणारच."

"ते मला दिसतंय. तरी सांगून ठिवतो. ओल लबाड असती."

मग त्यांनी ते तांदूळ खिशातल्या रुमालात बांधून घेतले. पुतण्याच्या संसाराला त्यामुळे काही कमी पडलं असं अजून तरी ऐकिवात नाही.

दाजींचं सिरसाळ्याला पेंड-सरकीचं दुकान आहे. शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा. एकूण गाई-म्हशींच्या पोटात जे जे जातं ते सगळं. दुकान चांगलं चालायला हवं, कारण आजूबाजूला जनावरं भरपूर आणि दाजी मापाला खरे. पण दुकान चालवण्यात दाजींचीच अडचण आहे. आभाळ भरून आलं की ते माल देत नाहीत. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हात वर करून थांबवतात.

"आज हवा बरी न्हाई. परवा या."

"आवो दाजी, म्हैस आज उपाशी ठिवू का?"

"एक दिस कडबा खाईल. दमट पेंड खाऊन आडवी पडली तर मला बोल लावताल."

गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. समोरचा दुकानदार पावसाळाभर दाजींना आदराने नमस्कार करतो.

पोतं उघडलं की दाजींचा सगळा विधी ठरलेला आहे. आधी हात खांद्यापर्यंत पोत्यात घालायचा, तळातली पेंड वर काढायची, ती फोडायची, बॅटरीच्या उजेडात बघायची, मग हुंगायची. मक्याचा दाणा असेल तर चावायचा. "कट्ट झालं पायजे," असं त्यांचं म्हणणं. कट्ट झालं तर दाणा वाळलेला, नुसता दबला तर ओला. हा नियम त्यांनी दुकानापुरता ठेवला असता तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण ते माझ्या घरी, पाटोद्याला जेवायला आले की शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उचलून उजेडाला धरतात, आणि माझ्या बायकोच्या कपाळावरची शीर दिसायला लागते. एकदा तिने दिवाळीचा चिवडा पुढे ठेवला. दाजींनी त्यातला एकेक दाणा उघडून दोन पाकळ्या केल्या, आत बघितलं आणि पुन्हा मिटून खाल्ला. तासाभरात सव्वा वाटी चिवडा संपला. बायको आतून मला म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांना फक्त केळं द्या." केळंही त्यांनी हुंगलंच.

सिरसाळ्यात त्यांना मागून 'नाक' म्हणतात. पारावरची माणसं त्यांना येताना बघून एकमेकांना कोपर मारतात. "नाक आलं बे, नाक. तंबाखू लपीव."

त्यांच्या या कामात मदतनीस म्हणून माझीच निवड का झाली, हे सांगायला हवं. मला बारा महिने सर्दी असते. घरात दूध करपलं तरी मला शेजाऱ्यांकडून कळतं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे एकदा यंत्रातून धूर येत होता, तर गिऱ्हाईक पळालं आणि मी 'पुढचा कोण' म्हणून विचारत होतो. दाजींच्या दृष्टीने मी आयुष्य वाया घालवलेला माणूस. "पाव्हणं, तुमचं नाक म्हंजी नुसतं चष्मा ठिवायला," असं ते चारचौघांत म्हणतात. पण मला टेम्पोत मागे पोत्यांजवळ बसता येतं, मी वाद घालत नाही आणि दुकान बंद ठेवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. एवढ्या पात्रतेवर मी त्यांचा कायमचा सोबती आहे.

दाजी असे पहिल्यापासून नव्हते. चार वर्षांपूर्वीपर्यंत ते इतरांसारखेच होते. पोतं आलं, पोतं गेलं. हुंगायचे फक्त नवीन शर्ट.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली चकलांब्याला दिली आहे. सासरी पाच-सहा गाई. त्यांतली चंद्री ही तिची स्वतःची; कालवड असताना सिरसाळ्याहून तिच्याबरोबर गेलेली. वैशालीचं बाळंतपण माहेरी झालं. ती बाळ घेऊन परत निघाली तेव्हा दाजींनी हौसेने बरोबर पाच पोती शेंगदाणा पेंड पाठवली. नातवाच्या घरी दूध कमी पडू नये म्हणून. पावसाळ्याचे दिवस होते. पेंड वरून चांगली होती. कोरडी, पिवळसर, हातात घेतली तर भुगा होणारी. आत कुठेतरी बुरशी धरली होती, तिने विष केलं होतं. त्या विषाचं इंग्रजी नाव दाजींना तोंडपाठ आहे, मला नाही. महिनाभरात गाईंचं दूध आटलं. एक गाभडली. आणि चंद्रीने खाणं सोडलं, आठवडाभर नुसती उभी राहिली आणि गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पेंडीचं नाव घेतलं.

त्या दिवशी वैशालीचा फोन आला. मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आबा, पाठवायच्या आधी एकदा वास तरी घ्यायचा होता."

आणि फोन ठेवला.

सासरच्यांनी एक अवाक्षर काढलं नाही. तेच दाजींना जड गेलं. भांडले असते तर दाजी भांडणात पक्के आहेत. जावई गणेशराव नंतर खाद्य गेवराईहून आणू लागले, तेही न बोलता. वैशाली दर रविवारी फोन करायची, आजही करते. पाऊस, नातवाचा खोकला, अक्काचे गुडघे, सगळं बोलते. पेंडीचं नाव चार वर्षांत एकदाही निघालं नाही. ज्याचं दुकानच पेंडीचं त्याने लेकीकडे जाताना पिशवीत डझनभर केळी न्यायची, हे दाजींनी चार वर्षं केलं. आणि तेव्हापासून ते वास घेतायत. माझ्या चटणीचा, लग्नातल्या तांदळाचा, सगळ्याचा.

"एक पोतं न्यायचं बघा," ते मला म्हणायचे. "एकच. पर असं, की त्याला बोट लावायला कुणाला जागा न्हाई."

हे पोतं कसं मिळवायचं, ते त्यांना एका शेतकरी मेळाव्यात कळलं. तिथे एका साहेबांनी भाषणात सांगितलं, की धान्याला, मसाल्याला, जनावरांच्या खाद्याला किरण मारून बुरशी मारता येते. विकिरण म्हणतात त्याला. दाजी तिथून आले ते वेगळेच माणूस होऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन ते पाटोद्याला माझ्या दारात हजर. मागे एक पोतं.

"चला. किरण मारून आणू."

"कुठं?"

"तुमच्याच गल्लीत तर हाय की."

माझ्या दुकानापासून चार घरं सोडून एक्सरेचं केंद्र आहे. ते जब्बारभाई चालवतात. गावातली निम्मी हाडं त्यांना नावानिशी ठाऊक आहेत. आम्ही दोघांनी पोतं धरून आत नेलं, तेव्हा बाकावर हात गळ्यात बांधलेले दोघे आणि कंबर धरून बसलेली एक म्हातारी होती. त्यांनी सरकून पोत्याला जागा दिली. आमचा नंबर आला.

जब्बारभाईंनी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेशंट कौन है?"

"हे," दाजी पोत्यावर हात ठेवून म्हणाले.

"क्या तकलीफ है इसको?"

"सध्या न्हाई. होऊ नये म्हणून आलोत. पोटातून किरण गेले पायजेत. समोरून धा, मागून धा."

जब्बारभाई मोठे सभ्य. हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दाजी, ह्या मशीनचा किरण म्हंजे फोटो काढायपुरता. ह्याच्यानं बुरशी मरत असती तर मी कवाच मेलो असतो, तीस साल झाले इथंच उभा आहे."

"मग जास्ती वेळ लावा."

"मेरी पूरी जिंदगी लावली तरी व्हायचं नाही. त्याला मोठं कारखान्यासारखं असतंय, लांब. तिथं जावा."

बाहेर पडताना बाकावरची म्हातारी मला हळूच म्हणाली, "कावून रं बाबा, पोत्याला काय झालं?" मी म्हणालो, "पडलंय." ती चुकचुकली. त्यानंतर महिनाभर माझ्या दुकानात झेरॉक्सला येणारा प्रत्येक माणूस 'पोतं कसं हाय आता' म्हणून विचारत होता. एकाने तर संत्री घेऊन येऊ का म्हणून विचारलं.

दाजींना लाज हा प्रकार माहीत नाही. त्यांनी कुठून कुठून नंबर काढून नगरच्या पुढे लांब असलेल्या एका विकिरण केंद्राला फोन लावला. तिथल्या मॅडम चाळिशीच्या, शांत स्वभावाच्या. तो शांत स्वभाव पुढच्या महिनाभरात दाजींच्या रोजच्या फोनमुळे चांगलाच कामी आला. त्यांनी सांगितलं, किमान अमुक इतका माल लागतो, एका पोत्यासाठी यंत्र चालत नाही. दाजी म्हणाले, थांबतो. शेवटी तसलाच दुसऱ्या कुणाचा माल जाणार होता, त्याच्याबरोबर दाजींचं पोतं घ्यायचं ठरलं. पण आधी पेंडीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, अशी मॅडमची अट होती.

तोवर सिरसाळ्यात बातमी पसरली होती. निघायच्या दिवशी पारावरचे निरोप द्यायला जमले.

"दाजी, किरण मारलेली पेंड खाल्ल्यावर गाय रातच्याला उजेड पाडंल का? आमच्याकडं लाईट लई जाती."

"दुधाला करंट लागंल व्हय दाजी? धार काढायला रबरी मोजे लागतील."

"आन पाव्हण्याला बी एक चक्कर मारून आणा त्या मशीनमधून. सर्दी जाईल."

शेवटचं माझ्यासाठी होतं. मी हसलो. असल्या वेळी मी हसतोच.

पोत्याची तयारी मात्र बघण्यासारखी होती. दाजींनी शेंगा स्वतः निवडल्या होत्या. चिरकी, काळपट, भोक पडलेली शेंग बाजूला. आठ दिवस गच्चीवर वाळवल्या, अक्काला संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायला लावलं. घाण्यावर स्वतः उभं राहून तेल काढून पेंड पाडून घेतली. तपासणीचा कागद चांगला आला. त्याच्या त्यांनी माझ्याकडून सात प्रती काढून घेतल्या आणि एक प्रत जब्बारभाईंना नेऊन दिली. प्रवासात रात्री एका लॉजवर उतरलो तेव्हा खोलीत खाट एकच होती. पोतं खाटेवर झोपलं. जमिनीला ओल असते.

केंद्रावर दाजींना वाटलं होतं काहीतरी लखलखाट बघायला मिळेल. तिथे मोठी शेड, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं, आणि सरकत्या साखळीवर लटकून एका जाड भिंतीच्या आत जाणारी खोकी. एवढंच.

"किरण कुठं हायेत?" दाजींनी विचारलं.

"त्या भिंतीच्या आत. तिथं माणसाला जाता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"लांबून दावा की."

"दिसत नाहीत, काका."

दाजी माझ्याकडे वळले. "बघा पाव्हणं. न दिसणारी बुरशी, तिला मारणारे न दिसणारे किरण. आपल्याला काय दिसलं? खोकं आत गेलं, खोकं भायेर आलं."

"आणि ते किरण पेंडीत राहतात का हो?" हा प्रश्न मी विचारला. मला खरोखरच रबरी मोज्यांची काळजी होती.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शेंगा उन्हात वाळवता. घरात आणल्यावर त्यांच्यातून ऊन पडतं का?"

मी नाही म्हणालो. दाजींनी मॅडमकडे अशा नजरेने बघितलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं बोलणारं भेटलं.

पोतं आत गेलं. आम्ही ऑफिसात बसलो. मॅडमनी पाणी मागवलं. दाजी ग्लास हुंगून पाणी प्याले. मग ते म्हणाले, "मॅडम, एक शंका. आधीच विष झालेलं पोतं आणलं असतं तर?"

"बुरशी मेली असती. पण तिनं आधी करून ठेवलेलं विष बहुतेक तसंच राहिलं असतं. किरणांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून तर तुम्हाला आधी तपासायला लावलं. किरण मारायचे ते बुरशी वाढायच्या आत, आणि नंतरही पोतं कोरडं ठेवायचं."

"विषाचं मी बघतो. ते मला वासानं कळतंय," दाजी जरा ऐटीत म्हणाले. "चार वर्षं झाली, रोज वास घेतो. सिरसाळ्यात माझ्या नाकाला तोड न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, त्या विषाला वास नसतो."

"आँ?"

"बुरशीचा कुबट वास येतो, तोही दरवेळी नाही. पण विषाला ना वास, ना रंग, ना चव. दिसायला चांगल्या पेंडीतही ते असू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही."

"ज्याला सवय हाय त्याला?"

"त्यालाही नाही. मलाही नाही."

दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाले, "समजा, एका माणसानं पाच पोती पाठवली. वरून चांगली होती. कोरडी, पिवळी. भुगा व्हायची. त्यानं पाठवायच्या आधी वास घेतला असता, तर?"

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "वरून इतकी चांगली होती म्हणता, तर बहुतेक काहीच कळलं नसतं."

"बहुतेक?"

"माझ्या अनुभवावरून सांगते. कळलं नसतं."

दाजींनी खिशातून रुमाल काढला, आणि तो वापरला नाही. पुन्हा ठेवला. "येवढं लिवून द्या."

"कशाला?"

"घरी दावायला लागतंय."

मॅडमनी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. दाजी म्हणाले, शिक्का मारा. हे काही प्रमाणपत्र नाही, असं मॅडमनी समजावून बघितलं. "असू द्या. शिक्का असला की वजन येतंय." टेबलावर एकच शिक्का होता. तो त्यांनी मारला. कागदावर 'माल मिळाला' असं उमटलं. दाजींनी कागदाची घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि चकलांब्यापर्यंत दर दहा मिनिटांनी तो खिसा चाचपला.

चकलांब्याला पोचलो तेव्हा सकाळ उलटून गेली होती. गोठ्यात गणेशराव शेण ओढत होते. "या मामा," म्हणाले, हातपाय धुवायला पाणी दिलं. वैशाली पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्या पाया पडली, आबांच्या पडली, आणि मग तिला टेम्पोतलं पोतं दिसलं. तिने काही विचारलं नाही.

दाजींनीच सुरुवात केली. पोतं खाली घेतलं. वर गोल बिल्ला चिकटवलेला, किरण मारले की रंग बदलणारा. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. मग सूचना. जमिनीवर ठेवायचं नाही, खाली फळी टाकायची. भिंतीला टेकवायचं नाही. ओला हात लावायचा नाही. पाऊस असला तर त्या खोलीचं दार उघडायचं नाही. "आन आतली पिशवी फोडायची न्हाई. फोडली की हवा लागती. हवेत बुरशीचं बी असतंय."

वैशालीने सगळं ऐकून घेतलं. "मग गाईला घालायचं कसं?"

दाजी थबकले. दोन महिन्यांच्या खटपटीत ही बाब राहून गेली होती.

"येवढ्यात कशाला घालायचं?" ते म्हणाले.

"आबा, हे गाईला खायला हाय का देव्हाऱ्यात ठिवायला?"

गणेशराव मध्ये पडले. माणूस स्वभावाने मऊ. "राहू द्या ना. मामांनी एवढ्या लांबून आणलंय. आत ठेवतो नीट. सावकाश उघडू की."

सावकाश म्हणजे काय, ते आम्हा चौघांनाही कळलं. ते पोतं फळीवर राहणार, वर्षभर राहणार, आणि एक दिवस कुणी न बोलता ते बाहेर टाकणार. दाजी लगेच म्हणाले, "हां हां, सावकाश. काय घाई न्हाई." आणि असे हसले, की मला माझंच हसू आठवलं.

वैशाली आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विळा होता. तिने पोत्याची शिवण उसवली, आतली जाड पिशवी एका फटक्यात उभी फाडली. दाजींच्या तोंडून "अगं..." एवढंच निघालं. तिने घमेलं भरून पेंड घेतली, पाणी शिंपडलं, आणि गोठ्यात शेवटच्या गव्हाणीकडे निघाली. तिथे एक तांबडी गाय बांधली होती, पोट खाली आलेली.

गणेशराव हळूच म्हणाले, "अगं, ती गाभण हाय. चंद्रीची कालवड ती. आधी त्या भाकड म्हशीला घालून बघ ना दोन-चार दिस."

"कशाला?" वैशाली म्हणाली. "आबांनी आणलंय."

आणि घमेलं गव्हाणीत ओतलं.

गाईने तोंड घातलं. मी बघत होतो, गणेशराव बघत होते. दाजी बघत नव्हते. ते मान वर करून गोठ्याच्या पत्र्याकडे बघत होते. "हितं गळतंय का गं कुठं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. गाय खाताना जो आवाज होतो तो तेवढा येत होता. गाईने गव्हाण चाटून स्वच्छ केली.

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "वैशाली, तुझ्या आबांनी तुझ्यासाठी एक कागद आणलाय बघ, तिथल्या मॅडमनी..."

माझ्या पायावर दाजींची चप्पल पडली. आत पाय होताच.

"टेम्पोचा कागद," दाजी म्हणाले. "इन्शुरन्सचा. पाव्हण्याला काय, दिसंल तो कागद झेरॉक्सचाच वाटतो."

वैशालीने घमेलं पालथं घातलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "आबा, पुढच्या महिन्यात दोन पोती पाठवा."

"दोन? तितकं लांब जायाचं म्हंजी पाव्हण्याला इचारावं लागंल. त्यांचं बी दुकान असतंय..."

"तिकडं नका जाऊ. तुमच्या दुकानातली द्या. साधी. वाळवायची, तपासून घ्यायची आणि पाठवायची."

"साधी?"

"साधी."

दाजींनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवली. मग नातवाला उचलून टेम्पोत बसवलं आणि हॉर्न वाजवू दिला. पिठलं-भाकरी झाली. दाजी जेवले आणि आम्ही निघालो.

गेवराईच्या अलीकडे मला राहवलं नाही. पाय अजून ठणकत होता, त्याचाही हिशोब होताच. म्हणालो, "दाजी, शिक्का मारून घेतलेला कागद. महिनाभर त्या बाईचा जीव खाल्ला. आणि ऐन वेळेला दाखवला नाही. तुमची चूक नव्हती, हे तिला कळायला नको?"

दाजी समोर रस्त्याकडे बघत टेम्पो चालवत होते. उसाची एक ट्रॉली पुढे होती, तिला ओलांडलं, आणि मग म्हणाले, "तिची गाय मेलती. त्या दिशी तिला कुणावर तरी वरडायचं हुतं. सासरी कुणावर वरडणार? बापावर वरडली. बरं केलं की. आता कागद दावून मी तिला काय सांगू, तू उगं बोलली म्हणून?"

मी ठणकणारा पाय चोळला.

"आता पुढली चार वर्षं ती मनाला लावून घेईल पोरगी," दाजी म्हणाले, आणि त्यांनी बाजूची काच वर केली. धूळ येतेय म्हणाले. मला रस्ता स्वच्छ दिसत होता, पण मी माझ्या बाजूचीही वर केली.